डँपर अर्धा बंद: एका घरातल्या फायरप्लेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळखीच्या एका घरातलं प्रकरण आहे. नाव-गाव देत नाही. कर्त्या माणसाला अण्णा म्हणू, त्यांच्या बायकोला वहिनी, शिवाय अण्णांची आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा, अशी चार माणसं. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघतो, धुराडी साफ करणं हा माझा धंदा नाही, हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे माझीही एक चूक येणारे.

घर त्यांनी ३ वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा हॉलमधली फायरप्लेस बघूनच अण्णा खूश झालेले. विटांचं बांधकाम, समोर काचेची दारं, वर डँपर म्हणजे धुराड्याच्या गळ्याशी असलेली लोखंडी झडप, आणि आत भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्या एकावर एक बसवलेल्या, सांध्यांत मसाला. या नळ्यांना लायनर म्हणतात, आणि आगीपासून घराला वाचवतं ते हे लायनर, बाहेरच्या विटा नव्हेत. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून, म्हणजे तीन बाजू उघड्या हवेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आधीच्या मालकाने सांगितलं, "गेल्याच वर्षी साफ करून घेतलंय." कागद काही नव्हता, कुणी मागितलाही नाही.

थंडीत रोज संध्याकाळी आग पेटायची, आईंना शेक हवा असायचा. झोपताना अण्णा दोन जाडजूड ओंडके आत सारायचे, काचेची दारं लावायचे आणि डँपर अर्ध्याहून जास्त बंद करायचे. त्यांचं म्हणणं, नाहीतर सगळी ऊब वरून जाते आणि लाकडंही भसाभस संपतात, असं केलं की सकाळी राखेखाली निखारे सापडतात. ऊब वरून जाते हे खरंच आहे, उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुराड्यातून बाहेर जाते, वर खोलीतली गरम हवाही ती ओढून नेते. म्हणजे तक्रार बरोबर होती, उपाय चुकला. सगळं प्रकरण त्या झडपेभोवती फिरतं, पण आम्हाला ते कळायला बरेच दिवस गेले.

अडचण कशी वाढत गेली

पहिली दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या थंडीत आग पेटवली की धूर खोलीत यायला लागला. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग मधेच कधीही. हवा दमट असली की आग नसतानाही हॉलमध्ये आंबट जळका वास. वहिनींनी खिडकी थोडी उघडून बघितली तर धूर कमी झाला, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद केला तर अजून कमी झाला. झालं, उपाय सापडला असं सगळ्यांना वाटलं.

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो हुकला. खिडकी उघडल्यावर धूर थांबतो याचा अर्थ घरातली हवा बाहेर फेकली जातेय आणि ती भरून काढायला धुराडंच उलटं वाहतंय, इतपत खरं. पण तोच एक्झॉस्ट आणि तीच खिडकी आधीची दोन वर्षंही होती की. तेव्हा धूर येत नव्हता, मग आता काय बदललं? हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

नंतर अण्णांनी एका माणसाला बोलावलं, घरांची बारीकसारीक कामं करणारा. त्याने छतावर चढून धुराड्याच्या तोंडावरची टोपी काढली, वरून तारेचा ब्रश फिरवला, टोपी परत लावली, खाली येऊन बादलीभर काजळी दाखवली. बादली बघून सगळे समाधानी. एक-दोन आठवडे बरं चाललं आणि मग धूर आधीपेक्षा जास्त. मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की धुराड्याची उंचीच कमी आहे, वर पाइप जोडून घ्या. अण्णा तेही करणार होते.

त्याच्या आतच ती रात्र आली. पहाटे तीनच्या सुमाराला कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजायला लागला. अण्णा उठले, शेकोटीत बघितलं तर ज्वाळा नाही, धूर नाही, नुसते लालसर निखारे, सगळं शांत. बॅटरी उतरली असणार म्हणून त्यांनी ती काढून ठेवली आणि परत झोपले. सकाळी आईंचं डोकं जड, मळमळ, मुलाचंही डोकं धरलेलं. वहिनींनी सगळ्यांना अंगणात बसवलं तर तासाभरात दोघांना बरं वाटलं. घरात आल्यावर पुन्हा तेच. तेव्हा वहिनींनी स्वतःच शेकोटीवर पाणी न मारता निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून बाहेर नेले, सगळ्या खिडक्या उघडल्या, आईंना दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला.

फोनवर पहिलं वाक्य: "भाऊजी, मला ती आगही नको नि तो अलार्मही नको, तुम्ही येऊन ते सगळं बुजवून टाका."

तपासणीत काय निघालं

गेल्या गेल्या मी अलार्मबद्दल विचारलं, कसा वाजत होता? मुलगा जागा झाला होता, त्याने तोंडाने करून दाखवलं: चार बीप, थोडा थांबा, परत चार बीप. बहुतेक अलार्ममध्ये बॅटरी उतरली की अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच टिवटिवतं. चार-चारचा गट म्हणजे खरोखर वायू आहे. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यातूनच सुटतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि वरची झडप जवळजवळ बंद असेल तर तो जाणार कुठे? अण्णा एकदम गप्प झाले.

मग लाकडं. मागच्या अंगणात थप्पी होती, नीट रचलेली, आणि चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळून दोरीने बांधलेली. माझ्याकडे ओलावा मोजायचं छोटं मीटर असतं, दोन टाचण्यांचं. एका ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला लावलं, १७ टक्के आलं. २० च्या खाली म्हणजे जाळायला ठीक, म्हणून मी म्हटलं लाकडाचा दोष नाही. हीच ती माझी चूक. टोक सगळ्यात आधी वाळतं, तिथे मोजण्यात अर्थच नसतो. दुसऱ्या दिवशी मुलाने कुऱ्हाडीने तोच ओंडका फोडला, फोडल्याबरोबर आतल्या ताज्या बाजूला हात लावला तर गार लागला, मीटर लावलं तर ३१. प्लॅस्टिक उचललं तेव्हा त्याच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. पाऊस आत येऊ नये म्हणून बांधलेलं प्लॅस्टिक लाकडातलं पाणी बाहेर जाऊ देत नव्हतं.

उंचीचं मोजमाप केलं. ढोबळ नियम असा की धुराडं छतातून बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर हवं आणि १० फुटांच्या परिघात जे काही असेल त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच हवं. दोन्ही गोष्टी व्यवस्थित होत्या. वरचा पाइप जोडला असता तर फुकटचा खर्च, शिवाय थंड नळी अजून लांब.

डँपर पूर्ण उघडत नव्हता. हात घालून बघितलं तर त्याच्या मागच्या कट्ट्यावर, ज्याला स्मोक शेल्फ म्हणतात, काजळीचा ढीग. ब्रशवाल्याने वरून घासलेलं सगळं खाली पडलं, थोडं बादलीत आलं आणि बाकीचं त्या कट्ट्यावर बसून झडपेला टेकलं. धुराडं साफ झालं आणि गळा आवळला गेला! टोपीच्या जाळीकडे तर त्याने बघितलंच नव्हतं, भोकं काळ्या चिकट थराने निम्मीशिम्मी बुजलेली. चिमणीत चिमणीचं घरटं असेल अशी माझी आपली आशा होती, तसं काही निघालं असतं तर बरं झालं असतं.

टॉर्च मारून वर बघितलं तेव्हा खरी काळजी वाटली. साधी काजळी मऊ असते, मखमलीसारखी, प्रकाश गिळते. इथे नळीचा आतला भाग चकाकत होता, काळ्या काचेसारखा, मधे मधे डांबर ओघळून थिजल्यासारखे ओघळ. किल्लीने टोकरलं तर कणही निघाला नाही. हे क्रिओसोट, आणि तेही शेवटच्या पायरीचं. पहिली पायरी भुसभुशीत काजळी, ब्रशने जाते. दुसरी कडक, काळ्या पापुद्र्यांची, जोर लावून जाते. तिसरी ही चकाकणारी, तिच्यावर तारेचा ब्रश नुसता घसरतो.

ते होतं कसं? ओलं लाकूड जळताना आधी पाणी उडवण्यात आच जाते, आग गार राहते, अर्धवट जळलेला धूर सावकाश वर जातो, आणि नळीची भिंत साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्या धुरातली वाफ आणि डांबर तिथेच थिजतं. आता हे सगळं जोडून बघा: ओले ओंडके, रात्रभर अर्धा बंद डँपर, तीन बाजूंनी थंड पडणारं धुराडं. क्रिओसोट करायचंच ठरवलं असतं तरी याहून चांगली भट्टी जमली नसती.

इथे मी थांबलो आणि पूर्ण आग बंद करायला सांगितली, निदान कॅमेरा आत जाईपर्यंत. धुराड्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला तपासनीस आला, त्याने दोरीला लावलेला कॅमेरा वरून खाली सोडला आणि आम्ही सगळे त्याच्या स्क्रीनपाशी. खालून तिसऱ्या नळीला उभी चीर, दोन सांध्यांतला मसाला गळून गेलेला, मागची वीट दिसत होती. आणि वरच्या भागात काही ठिकाणी क्रिओसोट पावासारखं फुगून जाळीदार झालेलं. तो म्हणाला, "इथे एकदा आग लागून गेलीय. तुम्हाला कधी आवाज आला होता का?"

वहिनींनी अण्णांकडे बघितलं. आधीच्या थंडीत एका रात्री खूप खालून विमान गेल्यासारखा घरघर आवाज आला होता, पाच-सात मिनिटं, अण्णा म्हणाले होते वारा सुटलाय.

धुराड्यातली आग १,१०० अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि कित्येकदा घरच्यांना कळतही नाही. मातीची नळी एका बाजूने एकदम तापली की तडकते. पुढच्या वेळी तीच आग त्या चिरेतून विटांमागच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोचते.

कुठले पर्याय होते

वहिनींचा पर्याय साफ होता, बुजवून टाका. मला तो मुळीच वेडगळ वाटला नाही. पण आई म्हणाल्या, "मी काय आता किती दिवस संध्याकाळी तिथे बसणारे," आणि मग बुजवायचा विषय निघालाच नाही. असले निर्णय सगळे तांत्रिक नसतात.

अण्णांना वाटत होतं नीट साफ करून, सुकी लाकडं आणून, डँपर उघडा ठेवून चालवू. चीर नसती तर मीही हेच म्हटलं असतं. पण तडकलेल्या लायनरमध्ये आग पेटवणं या गोष्टीला साफसफाईचा उतारा नाही, कितीही घासलं तरी चीर तिथेच राहणार.

तिसरा पर्याय, फुटलेल्या नळ्या बदलायच्या आणि उघडी फायरप्लेस तशीच ठेवायची. शक्य होतं पण त्यासाठी धुराड्याची भिंत मधे फोडायला लागणार होती, आणि एवढं करून अण्णांची मूळ तक्रार, ऊब वरून जाते, ती जशीच्या तशी. म्हणजे पुढच्या थंडीत त्यांचा हात परत त्या झडपेकडे जाणार हे मला दिसत होतं.

चौथा, धुराड्यात वरून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचं इन्सुलेशन गुंडाळलेलं लायनर सोडायचं आणि फायरप्लेसच्या खोबणीत बंद दाराचा स्टोव्ह बसवायचा, ज्याला इन्सर्ट म्हणतात. खर्च सगळ्यात जास्त. पण चिरेचा प्रश्न मिटतो, नळी अरुंद आणि गरम राहते म्हणून क्रिओसोट कमी, आणि उष्णता खोलीत राहते. ज्या कारणासाठी डँपर बंद केला जात होता ते कारणच निघून जातं, मला तरी यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

एक छोटा पेच मधेच निघाला. लायनर सोडायच्या आधी जुनं क्रिओसोट काढणं भाग, ते मागे ठेवून चालत नाही. चकाकणारा थर मऊ करायला पावडर मिळते, पण जी आम्ही बघितली तिचं काम व्हायला बरेच दिवस आग पेटवायला लागते, आणि आग तर आम्हीच बंद केलेली. मग राहिली फिरत्या साखळ्यांची पद्धत, ड्रिलला लावून नळीत फिरवायच्या. तपासनीसाने आधीच सांगितलं की जुन्या नळ्यांना यात अजून धक्का बसू शकतो. नवीन लायनर जाणारच होतं म्हणून चालवून घेतलं, नाहीतर मी हो म्हटलं नसतं.

काय केलं

तीन आठवडे आग बंद. आईंसाठी विजेचा हीटर. साखळ्यांनी थर काढला, कट्टा हाताने रिकामा केला, जाळी बदलली, लायनर आणि इन्सर्ट बसवला, काम झाल्यावर परत कॅमेरा सोडून बघितलं. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन केले, एक आईंच्या खोलीबाहेर.

लाकडांचं काम मुलाने अंगावर घेतलं. सगळे ओंडके फोडून मनगटाएवढ्या ते त्याच्या दुप्पट जाडीच्या फाकी केल्या, जमिनीवरून उचलून दांड्यांवर रचल्या, वर फक्त पत्रा, बाजू मोकळ्या. जातीप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं लागतात, त्यामुळे त्या थंडीपुरती भट्टीत वाळवलेली लाकडं विकत आणली. तीही त्याने फोडून मोजूनच घेतली, हे मला आवडलं.

पेटवायची पद्धत उलटी केली. खाली जाड फाकी, त्यावर बारीक, सगळ्यात वर काड्या आणि आग वरून. नळी आधी गरम होते, धूर कमी. राखेचंही एक निघालंच: वहिनी कधीकधी थंड वाटलेली राख कागदी पिशवीत भरून मागच्या दाराशी ठेवायच्या. राखेत झाकलेला निखारा तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. आता झाकणाचा लोखंडी डबा, घरापासून लांब, सिमेंटवर.

निकाल

धूर थांबला. लाकूड आधीपेक्षा बरंच कमी लागायला लागलं. पण गोष्ट सरळ संपली नाही. इन्सर्टला हवा कमी-जास्त करायचा दांडा असतो, आणि महिन्याभरात अण्णा झोपताना तो पूर्ण आत ढकलायला लागले, जुनी सवय. कुणाला कळलं नसतं, पण सकाळी स्टोव्हची काच काळी दिसायची. व्यवस्थित पेटलेल्या आगीत काच बऱ्यापैकी स्वच्छ राहते, आग कोंडली की काळवंडते. वहिनींनी एक दिवस काचेवर बोटाने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "अहो, हेच वर नळीत चाललंय." त्यानंतर दांडा अर्ध्याच्या आत जात नाही, रात्रीचे ओंडके बंद, आग स्वतःची विझते.

थंडी संपल्यावर तपासनीस परत आला. नळीत भुसभुशीत तपकिरी काजळी, ३ मिलिमीटरपेक्षा कमी, सगळी मिळून एक मग भरेल एवढी. ३ मिलिमीटर झाली की ब्रश मारायचाच असा धरतात, आणि अमेरिकेच्या एनएफपीए २११ या मानकात तर धुराडं कितीही कमी वापरलं तरी वर्षातून किमान एकदा तपासायला सांगितलंय. यावेळी प्लॅस्टिकच्या केसांचा ब्रश, स्टीलच्या लायनरला तारेचा नको म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

घर घेतानाच कॅमेरा तपासणी. मालक बदलला की ती करून घ्यावी असं तेच मानक सांगतं. तेव्हा चीर होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही, पण डँपरची सवय निदान पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी नजरेला आली असती.

अलार्मच्या रात्रीबद्दल अण्णांना मी कमी बोललो, ते आधीच खजील झाले होते, पण लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. चार बीप म्हणजे सगळ्यांनी आधी बाहेर, मग आपत्कालीन मदतीला फोन, आणि ते सांगतील तेव्हाच आत. वहिनींनी सकाळी जे केलं त्यातलं माणसं बाहेर काढणं अगदी बरोबर, पण निखारे भरायला त्या परत आत गेल्या ते धोक्याचं होतं. विमानासारख्या आवाजाचंही तसंच: शक्य असेल तर दारं आणि हवा बंद करायची, सगळे बाहेर, अग्निशमन दलाला फोन, आणि धुराड्यात पाणी ओतायचं नाही, वाफेने नळी फुटते.

माझ्या बाजूने, ओंडका पहिल्याच दिवशी फोडायला हवा होता. त्या १७ मुळे एक दिवस मी अण्णांना चुकीचा दिलासा दिला आणि संध्याकाळी त्यांनी "लाकडं ठीक आहेत म्हणे" असं दोघांना फोन करून सांगितलंही.

आणि एक काम राहिलंच. धुराड्याच्या डोक्यावरच्या सिमेंटला बारीक भेग होती, कॅमेऱ्याच्या दिवशी दिसली होती, बाकी खर्च बघून आम्ही ती पुढे ढकलली. पुढच्या पावसात हॉलच्या कोपऱ्यात छताजवळ पिवळट डाग आला आणि विटांवर पांढरे क्षार फुलले. ती दुरुस्ती मग वेगळी शिडी, वेगळा माणूस लावून करायला लागली. पहिल्याच फेरीत, शिडी लागलेलीच होती तेव्हा, अर्ध्या दिवसाचं काम होतं. डागावर अजून रंग दिलेला नाही, अण्णा म्हणतात आधी एक पाऊस जाऊ दे, मग बघू.